चोरीस

एका भांड्यात, वीस-पंचवीस मिनिटांत रात्रीचे सगळे जेवण उरकते, अशी एक पाककृती गेल्या वर्षी आमच्या स्टाफरूममध्ये फार गाजली. सॉसेजचे काप, कोळंबी, हाताशी असतील त्या भाज्या; सगळे एकाच पसरट भांड्यात, एकामागून एक. वाणिज्य विभागातल्या सहकारी बाईंनी ती मोबाइलवर सर्वांना दाखवली आणि एका भांड्याच्या स्वयंपाकाचे फायदे सांगितले. वेळ वाचतो, गॅस वाचतो, घासायला एकच भांडे पडते. मी नुसता ऐकत होतो. कोळंबी आणि डुकराचे सॉसेज एका भांड्यात शिजताना मी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून पाहत आलो आहे. आमच्या घरी मात्र ते एका भांड्यात शिजे, कारण त्याला दुसरे भांडे मिळत नसे.

आमचे गाव सावंतवाडी आणि बांदा यांच्या मधले. तिथून पत्रादेवीची हद्द ओलांडली की पेडणे, पुढे म्हापसा. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, प्राथमिक शिक्षक होते. मे महिन्याच्या सुटीत एखाद्या शुक्रवारी ते सकाळच्या एस.टी.ने म्हापशाच्या बाजाराला जात आणि दिवेलागणीला परत येत. पिशवीत वर पाव, त्याखाली आमच्यासाठी काहीबाही खाऊ, आणि अगदी तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तेलाचे डाग वर आलेली एक पुरचुंडी. परतताना हद्दीवरच्या नाक्यावर शिपाई गाडीत चढून पिशव्या चाचपत. त्यांचा शोध बाटल्यांचा. “मास्तर, बाटली नाही ना?” असे कुणी विचारले की अण्णा ताठ मानेने “नाही” म्हणत, आणि ते खरेही असे. त्यांच्या पिशवीतल्या वस्तूला ना गोव्याचा कायदा हरकत घेत होता ना महाराष्ट्राचा. तिच्यावरची बंदी आमच्या उंबरठ्यापासून सुरू होत असे.

पुरचुंडीत चोरीस असे. पोर्तुगीज भाषेतल्या एका शब्दाचे हे कोकणी रूप. डुकराचे मांस आणि चरबी यांचे बारीक तुकडे मिठात मुरवायचे, सुक्या लाल मिरच्या, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी, जिरे, हळद हा मसाला माडाच्या सुरेच्या शिरक्यात वाटून त्याला चोळायचा, थोडी फेणी शिंपडायची, आणि ते आतड्यात भरून दोऱ्याने जागोजाग आवळून उन्हात वाळत घालायचे. तयार माळ जपमाळेसारखी दिसते आणि बाजारात ती तशीच टांगलेली असते, तांबडी-काळपट, सगळ्या गल्लीभर आंबूस वास पसरवीत. पावसाळ्याची बेगमी म्हणून ती उन्हाळ्यात करून ठेवतात. आम्हां भावंडांना यातले काहीच ठाऊक नव्हते. शाळेत नुकत्याच विभक्ती शिकलो होतो, ‘घड्याळ चोरीस गेले’ यातली चतुर्थी पाठ होती, आणि जी वस्तू घरात चोरून आणतात, मागल्या दाराने नेतात, आजीच्या कानावर जाऊ देत नाहीत, तिचे नाव ‘चोरीस’ असावे हे आम्हांला अगदी व्याकरणशुद्ध वाटे. मराठीचा अध्यापक झाल्यावरही ती व्युत्पत्ती मनातून पुरती गेलेली नाही.

व्युत्पत्तीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून घेतो. ‘पगारातून पाव आणि बटाटे आणले’ हे वाक्य मी भाषाविज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहितो. पगार, पाव आणि बटाटा हे तिन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. या वाक्यात सोवळे पाळायचे ठरवले तर एक प्रत्यय, एक अव्यय आणि एक क्रियापद तेवढे हातात उरते. बटाट्याने आणि मिरचीने तर समुद्र ओलांडून येऊन आपल्या उपवासात आणि देवाच्या नैवेद्यातसुद्धा जागा मिळवली. चोरीसला पडवीसुद्धा मिळाली नाही.

अण्णांना ही चव कुठे लागली हे सांगायला हवे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुढच्या काही वर्षांत तिथे गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून अनेक तरुण मास्तर तिकडे नोकरीला गेले. अण्णा एकविसाव्या वर्षी, १९६६ मध्ये, बार्देश तालुक्यातल्या एका गावी रुजू झाले. एका ख्रिस्ती विधवेच्या घराची रस्त्याकडची खोली त्यांना भाड्याने मिळाली. तिला ते माई म्हणत. लगेच पुढच्या जानेवारीत, १६ तारखेला, गोव्याचा जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने, अशी मतपत्रिकेवर चिन्हे होती. अण्णांना तिथे मत नव्हते, पण मराठीचा मास्तर मनाने फुलाचाच असणार. माईने दोन पानांवर शिक्का मारला आणि घरी येऊन तसे सांगितलेही. सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले. निकालाच्या दिवशी अण्णा खोलीत दार लोटून बसले होते, तेव्हा माईने दार ढकलून पाव आणि बटाटे घातलेले चोरीस समोर ठेवले, आणि ‘राज्य कुणाचंही असू दे, मास्तरांनी उपाशी राहू नये’ अशा अर्थाचे काही ती बोलली. हा प्रसंग अण्णा रंगवून सांगत. त्यातले किती घडलेले आणि किती पुढे जमत गेलेले, हे मी तपासलेले नाही. तीनच वर्षांत त्यांना आपल्या तालुक्यात नोकरी मिळाली, लग्न झाले, आणि माईच्या घराशी उरले ते एवढे चोरीसपुरते नाते.

आमचे घर मासे खाणारे. सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण वगळला तर घरात रोज काही ना काही ओले किंवा सुके असेच. कोंबडी सणासुदीला. पण डुक्कर म्हटले की आजी कानांवर हात ठेवी. आई या घरात सून म्हणून आली तेव्हा अण्णांच्या या सवयीचा तह आधीच झालेला होता. घरामागच्या मांगरात तीन दगडांची चूल, खुंटीला टांगलेली बिडाची एक पसरट कढई, एक लाकडी उलथने, एक झाकण. ही कढई घरात आणायची नाही, घरातले भांडे मांगरात न्यायचे नाही. शिजवायचे त्यांनी, खायचे तिथेच, घासायचेही त्यांनीच. त्यात कांदा वेगळा परतून घेऊ, बटाटे वेगळे उकडून घेऊ, कोळंबी निराळ्या तव्यावर टाकू, असले चोचले शक्यच नव्हते. जे काही व्हायचे ते त्या एका कढईत.

आणि ते होत असे मात्र झकास. अण्णा कढई तापवून तीत तेलाचा थेंब न घालता चोरीसचे पाच-सहा मणी सोलून, कुस्करून टाकीत. आतली चरबी वितळून तांबडे तेल सुटे आणि पुढचे सगळे त्याच तेलात. चोरीस वाळवलेले असले तरी कच्चेच असते, त्याला पुरता वेळ द्यावा लागतो, म्हणून मंद आचेवर ते चांगले परतून होईपर्यंत अण्णा काही बोलत नसत. मग जाड चिरलेला कांदा. मग चौकोनी बटाटे आणि अर्धी वाटी पाणी, झाकण. बटाटे शिजत आले की परसात झाल्या असतील तर चवळीच्या कोवळ्या शेंगा मोडून, आणि सर्वांत शेवटी कोळंबी. तिला दोन-तीन मिनिटे पुष्कळ होतात. तिचा करडा रंग जाऊन केशरी येतो, अंग आखडते. कोळंबीने अंग चोरले की कढई उतरवायची, असे अण्णा म्हणत. वेटोळे घट्ट होईपर्यंत थांबलात तर रबर चावत बसा. वरून मीठ नाही, मसाला नाही. शिरका आणि मिरची मुळातच चोरीसमध्ये. खाऊन झाले की ते कढई राखेने घासून तिला खोबरेल चोळून ठेवीत, कारण शिरक्याच्या आंबटपणाने बिडाचे भांडे उघडे पडते आणि दुसऱ्या दिवशी गंजते. चार पिढ्यांत आमच्या घरातल्या कुठल्या पुरुषाने भांडे घासल्याचा हा एकमेव पुरावा असेल.

आम्ही मुले मांगराच्या दारात उकिडवी बसून असू. डुकराचा तुकडा आम्हांला वर्ज्य. पण कोळंबी ही मासळी आणि बटाटा ही भाजी. ते आम्हांला चालत. त्या तांबड्या तेलात न्हालेली कोळंबी पावात घालून खाताना आपण नेमके काय खात नाही आहोत हा प्रश्न आम्हांला पडला नाही, आणि मोठ्यांनीही तो पडू दिला नाही. शास्त्रात वाटा काढणे यालाच म्हणत असावेत. पुढे कधीतरी वाचनात आले की अमेरिकेत लुइझियाना राज्यात जंबलाया नावाच्या भातात डुकराचे सॉसेज आणि कोळंबी अशीच एकत्र पडतात. अण्णांना ते सांगितले तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले, “तिकडे सुंगटं कोण सोलतं?” मी हसलो होतो. तो प्रश्न त्या वेळी माझ्या लक्षातच आला नाही.

अण्णा २०१४ मध्ये गेले. त्याआधीपासूनच, एम.ए.च्या वर्गाला आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना, मी अण्णांच्या कढईची गोष्ट सांगत आलो होतो. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना तर हमखास. लक्ष्मीबाई टिळकांच्या मनातून सोवळ्याओवळ्याच्या कल्पना एकेक करून कशा गळत गेल्या, ते किती साधेपणाने आणि किती स्वतःवर हसत त्यांनी लिहिले आहे, हे बोलता बोलता मी मांगराकडे वळत असे. एक खेड्यातला प्राथमिक शिक्षक, त्याचे छोटेसे बंड, तीन दगडांची चूल, बहिष्कृत कढई. मुले ऐकत. गोष्ट चांगली होती आणि दरवर्षी थोडी अधिक चांगली होत होती.

काही वर्षांपूर्वी अशाच एका तासानंतर लातूरकडचा एक विद्यार्थी व्हरांड्यात माझ्याबरोबर चालत आला. हुशार, कमी बोलणारा. म्हणाला, “सर, आमच्याकडे डुकराचं मटण आईच करते, आतल्या चुलीवर. मग आमच्या घरात बंड कोण करतं?” त्याच्या आवाजात राग नव्हता; त्याला खरोखर उत्तर हवे असावे. मी काहीतरी बोललो. संदर्भ वेगळा, काळ वेगळा, असे अध्यापकांच्या खिशात तयार असते तसले. तो “बरोबर आहे, सर” म्हणाला आणि गेला.

त्यानंतर मी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ पुन्हा काढले. २०१५ मध्ये आलेले हे पुस्तक मी पूर्वी चाळले होते. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या चुलीवर काय शिजत होते, कुठल्या मांसाचे काय करीत, ते कसे वाळवीत आणि पुरवून खात, हे त्यात आहे. नावापासूनच ते आपल्या ‘पूर्णब्रह्म’वाल्या श्लोकाला विचारून जाते की या पूर्णात आमचे ताट कुठे आहे. या वेळी ते वाचताना मला आमच्या गावातले एक टोक आठवले. तिथेही डुकरे पाळलेली होती. ते मांस काही म्हापशाला मिळते त्याहून वेगळ्या जनावराचे नव्हते. पण अण्णा तिकडून कधी काही घेऊन आले नाहीत, आणि आणले असते तर मांगरातसुद्धा ते शिजले नसते. उलट रानडुकराची पारध झाली की त्याचे वाटे पूर्वी गावातल्या चांगल्या प्रतिष्ठित घरांतून जात आणि ते कोणी मांगरात शिजवीत नसत. तेव्हा अडचण डुकराची नव्हती. ते कुणाच्या हातचे, ही होती. अण्णांच्या डुकराला पोर्तुगीज नाव होते, फेणीचा वास होता, त्याच्यामागे म्हापशाचा बाजार आणि दोन पानांवर शिक्का मारणारी माई होती. त्या बंडाची जोखीम अण्णांना झेपेल एवढीच होती. अण्णा चांगले होते, मी त्यांच्यावर खटला भरीत नाही. पण मी ज्याला वर्गात उंबरठा ओलांडणे म्हणत होतो ते फार तर मागल्या दाराने खळ्यात उतरणे होते.

अन्नावरून माणूस ओळखण्याची विद्या आपलीच आहे असेही नाही. आयबेरियात धर्मांतरित ज्यूंची आणि मुसलमानांची निष्ठा डुकराचे मांस खातात की नाही यावरून पारखली जाई. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत राहिले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथात त्याचा सगळा कागदोपत्री इतिहास मांडला आहे. त्यात १७३६ सालचे एक फर्मान आहे. नव्या ख्रिस्ती कुटुंबांनी कोणकोणत्या जुन्या चाली सोडायच्या याची ती लांबलचक यादी. लग्नातली गाणी, हळद, पानविडे यांच्याबरोबर तीत असेही आहे की हिंदूंप्रमाणे भात मिठावाचून शिजवू नये. प्रथम वाचले तेव्हा मी ते दोनदा वाचले. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धर्मन्यायालयाने एखाद्या बाईच्या भाताच्या तपेल्यात मीठ पडले की नाही यात लक्ष घालावे! पण ज्याला घर आतून जिंकायचे आहे त्याला तपेल्यापर्यंत जावेच लागते, आणि मीठ दिसत नाही, ते चाखूनच कळते. म्हणजे कुणीतरी चाखून चुगली करणारा हवाच. आमच्या आजीला ही दोन्ही खाती एकटीने सांभाळता येत होती, असे मी वर्गात म्हणत असे. त्यावर हशा हमखास.

असो. खरी अडचण मागच्या वर्षी आली. तीच गोष्ट, तोच वर्ग, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “सर, कोळंबी कोण सोलायचं?”

मी बोलता बोलता थांबलो. अण्णा नाहीत, हे निश्चित. अण्णांना चोरीस सोलताना मी पाहिले आहे, कांदा चिरतानाही. कोळंबी सोलताना कधीच नाही. डोळ्यांसमोर आली ती पडवीच्या कठड्यावर ठेवलेली काशाची नव्हे, जर्मनची एक वाटी. तीत सोललेली, धुतलेली, हळद लावलेली कोळंबी. शेजारी पानावर चिरलेले बटाटे आणि मोडलेल्या शेंगा. अण्णा येत, ते सगळे कढईत ओतून घेत, वाटी तिथेच परत ठेवीत. आरोंद्याकडून येणाऱ्या मासेवालीकडून कोळंबी पारखून घेणे, डोकी मोडणे, साल काढणे, पाठीतला काळा दोरा ओढणे, पाव किलोला अर्धा तास सहज जातो, आणि बोटांची आग होते ती निराळी. ती वाटी तिथे आपोआप येत नव्हती. वीस वर्षे मी ही गोष्ट सांगत होतो आणि त्या वाटीला हात नव्हते.

“आई,” मी वर्गाला म्हणालो. मुलगी खाली बसली. तिने पुढे काही विचारले नाही, त्याचे मला बरे वाटले आणि त्याची लाजही वाटली.

आई आता पंचाहत्तरीची आहे आणि माझ्याकडे कोल्हापुरात राहते. इथे कोळंबी बर्फातून येते आणि तिच्या मते ती कोळंबीच नव्हे. त्या रविवारी मी तिला सरळ विचारले की अण्णांच्या चोरीसमध्ये कोळंबी घालायची हे कुणाचे डोके. माईच्या घरच्या वर्णनात तर ती कधी नव्हती.

“माझा,” ती म्हणाली. “एकटेच बसान खायत. पोरांका तरी जवळ बसाक होया मां? म्हणान सुंगटां दिलंय.”

म्हणजे आम्हांला ज्या पळवाटेचे एवढे कौतुक वाटत आले ती तिने आखलेली होती. अण्णांना एकटे जेवू द्यायचे नव्हते, सासूबाईंपुढे काही बोलायचे नव्हते, आणि मुलांना काय चालते काय नाही याचा नियमही मोडायचा नव्हता. यातून तिने कोळंबीची वाटी काढली. मी काही वेळ गप्प बसलो. मग केवळ काहीतरी विचारायचे म्हणून विचारले की वाटीत नुसती हळदच का असे. घरातल्या कालवणाच्या कोळंबीला तर ती आधी हळद आणि मीठ दोन्ही चोळून ठेवते.

“तेका मीठ कित्याक? चोरीस खारट आसता,” ती म्हणाली. “तेंका मीठ कधी कळला नाय. मी मीठ लावलंय असतंय तर खावक गावला नसता कोणाक.”

तुला कसे माहीत ते खारट असते, असे मी विचारले. मला वाटते माझा आवाज थोडा वर्गातला झाला असावा.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. “वासान कळता,” म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

आता, मिठाला वास नसतो. पण ज्या बाईने जन्मभर खारवलेले बांगडे आणि सुकी सुंगटे हाताळली आहेत तिला खारात मुरलेल्या वस्तूचा वास कळत असेलही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. मांगराच्या चुलीपासून घराचे मागले दार वीस पावलांवर. दुपारी आजी झोपत असे. कढई तशीच झाकून ठेवून अण्णा कधी विहिरीवर हात धुवायला जात. आणि कितीही खारट असले तरी वाटीतल्या कोळंबीला मीठ लावू नये, बटाट्यांवर तर मुळीच टाकू नये, हे इतक्या नेमकेपणाने पहिल्यांदा ठरवताना कुणीतरी ते एकदा तरी जिभेवर ठेवलेले असणार. की नसेल? अण्णांनी पहिल्या दिवशी ‘खारट झाले’ म्हणून तक्रार केली असेल आणि दुसऱ्या वेळी तिने मीठ वगळले असेल, इतके साधेही ते असू शकते. इन्क्विझिशनच्या माणसाला हा प्रश्न सोडवता आला असता. मला त्याची पद्धत वापरायची नव्हती. मी पुन्हा विचारले नाही.

दिवाळीच्या सुटीत एक मावसभाऊ गोव्याहून येताना माळ घेऊन आला. रविवारी संध्याकाळी मी ओट्यावर बसकी कढई ठेवली. ही बिडाची नाही. ती जुनी अजून गावी मांगरात खुंटीला आहे, मध्ये एकदा पाहिली तेव्हा तिच्यात उंदरांनी कापूस आणून ठेवला होता. आमच्याकडे आता घरातली-मांगरातली असा भेद नाही, निदान भांड्यांचा नाही. कोळंबी बर्फातलीच. मी ती सोलायला घेतली तेव्हा आईने ताट माझ्या हातातून काढून घेतले, “दोरो ऱ्हवता तुझ्याकडसून” म्हणाली, आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पाय लांब करून बसली. अर्ध्या तासाने वाटी आली. हळद होती, मीठ नव्हते.

मी सहा मणी कुस्करून टाकले. तेल सुटायला लागल्यावर घरभर तो वास झाला आणि मी उगाच पंखा लावावा का याचा विचार केला. लावला नाही. कांदा, बटाटे, पाणी, झाकण. चवळीच्या शेंगा नव्हत्या म्हणून फरसबी, आणि थोडी ढोबळी मिरची, जी अण्णांनी कधी पाहिली नसती. आई स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभी होती. तिचे जेवण वेगळे झालेले होते, भात आणि सोलकढी. मला वाटले ती कोळंबी कधी टाकतो यावर लक्ष ठेवून आहे. मी झाकण काढले, वाटी हातात घेतली.

ती आत आली. माझ्या हातातले उलथने घेतले, कढईत घातले, आणि कडेचा एक बटाटा त्याच्या टोकाने दाबून पाहिला.

“कच्चो आसा,” ती म्हणाली. “सुंगटां मगे. झाकण ठेव.”

मी झाकण ठेवले.